शेवंतामायच्या ताकाची अकरा घरं

श्रीरामपूरच्या साबळे सरांचं नाव आधी घेतो. त्यांच्याशिवाय हा प्रवास झाला नसता, आणि तो लिहून काढण्याइतपत मी शिकलोही नसतो. माझे वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बारावीला गणितात नापास झाल्यावर मीही पोती उचलायला निघालो होतो, तेव्हा सर सायकलवरून घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "एक वर्ष याला माझ्याकडे द्या." ते वर्षभर रोज पहाटे सरांच्या ओसरीवर माझी शिकवणी चालली. आज मी नाशिकला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि नावापुढे बी.एस्सी. लिहितो. लिहिताना अजूनही हात जरा थांबतो.

सर आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, गेल्या आणि पुढच्याच महिन्यात सर न्हाणीघरात घसरले. हाडाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून ते खुर्चीतून उठेनासे झाले. मुलगा बंगळुरूला असतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाय अजून चांगले आहेत. वापरले नाहीत तर उन्हाळ्यापर्यंत सर अंथरूण धरतील." मी सरांना हात जोडून म्हटलं, "रोज थोडं चालत जा, सर." त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठे जायचंय मला?"

मग मला सुचेल तशी सेवा मी सुरू केली. दूध दारात, पेपर दारात, जेवणाचा डबा दारात. पाठ मागे झुकणारी चांगली आरामखुर्ची आणून दिली. बाईंनी लावलेल्या झाडांना पाणी घालायला एक माणूस ठेवला. तरी सर दिवसेंदिवस खुर्चीत रुततच चालले.

प्रयोगशाळेतला माझा सोबती सुनील मूळचा वाशिम जिल्ह्यातल्या धनजचा. एक दिवस डबा खाता खाता तो म्हणाला, "कायले इंटरनेटवर डोकं फोडून राह्यला? आमच्या गावाले चाल. पंच्याऐंशी वर्षांचे बुढे वावरात जाऊन राह्यले. काय खातात, कसे झोपतात, त्यायलेच इचार अन सरले लिहून दे."

मला ही कल्पना एवढी आवडली की मी त्याच संध्याकाळी वीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला. उठण्याची वेळ, न्याहारी, पाणी किती, झोप किती, व्यायाम कोणता. तीस झेरॉक्स काढल्या. जानेवारीत पाच दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही निघालो.

जऊळका

अकोल्याहून गाडी बदलून आम्ही जऊळक्याला उतरलो, कारण सुनीलच्या मामांचं घर तिथं आहे. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवरच माझा पहिला फॉर्म भरला गेला. भगवानआबा म्हणून त्र्याऐंशी वर्षांचे गृहस्थ बाकाशेजारी जमिनीवर उकिडवे बसून बशीतून चहा पीत होते. मी आदरानं सरकून म्हटलं, "आबा, बाकावर बसा ना."

"काहून? बाकाले सोनं लागलं हाये काय?"

"तसं नाही, गुडघ्यांना त्रास होईल."

"तुमी बसा बाकावर. तुमचे गुडघे शहरातले हायेत."

टपरीवरचे सगळे हसले. मी फॉर्म काढला. आबा कोंबडा आरवला की उठत. न्याहारीला रात्रीची ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि फोडलेला कांदा. मग मी विचारलं, "व्यायाम करता का?"

आबांनी टपरीवाल्याकडे पाहिलं. "गड्या, हा मले रिकामा समजून राह्यला काय?"

आणि ते उठले. जमिनीला हात न लावता, बाकाला न धरता, बशी हातात तशीच धरून सरळ उभे राहिले! मी तिथंच उकिडवा बसून तसं उठून पाहिलं. बाकाचा पाय धरावा लागला. माझं वय चौतीस आहे.

मामांकडे जेवायला पाट नव्हता, टेबल तर नव्हतंच. जमिनीवर मांडी घालून पंगत. गरम भाकर, तुरीच्या हिरव्या दाण्यांची म्हणजे सोल्यांची रस्सा भाजी, अंबाडीची पातळ भाजी, वर कच्च्या लसणाचा ठेचा. आमच्या नगरकडे बाजरी आणि ऊस. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. मामींचा चहा गोडाला बेताचा, आणि तोही दिवसातून दोनदाच. पण मला खरं नवल वाटलं ते रात्रीच्या जेवणाचं. मामींनी ताटं वाढली तेव्हा खिडकीतून अजून उजेड येत होता. सहाच वाजले होते! नाशिकला त्या वेळी मी वडापाव खातो आणि जेवायला दहाला, मोबाइल समोर ठेवून बसतो. इथं नऊला सगळं घर झोपलं, आणि बोलायला कोणी न उरल्यामुळे मीही झोपलो. कित्येक महिन्यांत एवढी गाढ झोप लागली नव्हती. सकाळी मी हे सगळं फॉर्मच्या मागच्या बाजूला उतरवून काढलं. वाटलं, सरांसाठी अर्धं औषध तर सापडलं.

धनज

वाशिमकडचं मालेगाव, शेलूबाजार करत कारंजाला आलो. कारंजाच्या स्टँडवर मी बॅग उघडी ठेवून संत्री घ्यायला वळलो, तेवढ्यात एका शेळीनं माझे चार फॉर्म खाल्ले. सुनील म्हणाला, "पाह्य, हिनं तं साऱ्या प्रश्नायचे उत्तरं देऊन टाकले."

धनजच्या वाटेवर दोन्ही बाजूंना काळी जमीन, वाळायला आलेली तूर, फुटलेल्या कापसाचे शेवटचे वेचे आणि मध्ये हिरव्यागार हरभऱ्याचे पट्टे. आम्ही उतरलो शेवंतामायकडे. शेवंतामाय ही सुनीलच्या आजोबांची धाकटी भावजय. सगळी गल्ली तिला मायच म्हणते. विटांचं, टिनाचं साधं घर. नातू, नातसून, दोन म्हशी. वय विचारलं तर तिला ठाऊक नाही. सुनीलच्या अंदाजानं पंच्याऐंशीच्या पुढे. अंगानं काटकुळी, आवाज मात्र चार घरं पलीकडे जाणारा.

मी फॉर्म घेऊन समोर बसलो.

"माय, किती तास झोपता?"

"झोपेत मोजू काय रे बाप्पा?"

"पाणी किती पिता?"

"तहान लागली का."

"दीर्घायुष्याचं रहस्य काय वाटतं तुम्हाला?"

ती नातसुनेकडे वळली. "हा पावना जेवला नाई वाटते व. याले पयले वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाहिलं आणि माझी पेन्सिल थांबली. तिनं स्वतः ताक घुसळलं, ॲल्युमिनियमच्या किटलीत भरलं आणि ती किटली घेऊन गल्लीत निघाली. अकरा घरं. ज्या ज्या घरात कोणी म्हातारं आहे तिथं लोटाभर ताक. प्रत्येक दारात दोन वाक्यं बोलणं, एखादा टोमणा, की पुढचं दार. डावा गुडघा धड वाकत नव्हता, त्यामुळे ती एका अंगावर झुकत चालायची. मी तिच्या मागून गेलो आणि सगळी घरं लक्षात ठेवली. मनात वाटत राहिलं, या वयात हिला का फिरवतात? घरात धडधाकट नातू आहे, नातसून आहे. कोणालाच कसं दिसत नाही?

ज्या माणसानं आपल्या गुरूंसाठी सगळं दारात आणून दिलं, त्याला हे पाहवणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी लवकर उठलो. माय गोठ्यात शेण काढत होती. भरलेली किटली दाराशी होती. मी ती उचलली आणि मोठ्या आनंदानं निघालो.

पहिल्या घरी एका बाईंनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं.

"माय कोठी हाये?"

"आज मी आणलंय ताक," मी हसून म्हणालो.

त्यांच्या हातातला लोटा तिथंच पडला आणि त्या अनवाणी पळत सुटल्या. मला वाटलं, चुलीवर दूध उतू जात असेल. दुसऱ्या घरी म्हातारेबुवांनी ताक घेतलंच नाही. काठी उचलली आणि ते निघाले. तिसऱ्या घरातून तिघं बाहेर पडले. चौथ्या घरी मी पोचायच्या आधीच कडी लावलेली. मी खरंच सांगतो, मला वाटलं की पाहुण्यानं ताक आणलं म्हणून ही मंडळी मायचं कौतुक करायला चालली आहेत! पाचव्या घरासमोर मी रिकाम्या गल्लीत किटली घेऊन एकटाच उभा राहिलो, तेव्हा मागे वळलो.

मायच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायांनी पदर तोंडाला लावले होते. एक जण मायच्या लेकीला अमरावतीला फोन लावत होता. ओट्यावर रामभाऊ बसून मोठ्यानं रडत होते. रामभाऊ म्हणजे गल्लीतले मायच्या बरोबरीचे, रोज ताकावरून तिच्याशी भांडणारे. नातू आणि नातसून नुकते झोपेतून उठलेले. काय झालंय ते त्यांना कळेना, म्हणून तेही घाबरून रडायच्या बेतात.

तेवढ्यात गोठ्यातून शेणानं भरलेल्या हातांनी माय बाहेर आली.

"कोन गेलं व?"

रामभाऊंनी डोळे पुसले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तू."

मग जे हसू फुटलं ते मी जन्मात विसरणार नाही. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. फोनवाला ओरडत होता, "ताई, गाडीत बसू नको, बुढी उभी हाये!" आणि मग सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मी किटली घेऊन तिथं उभा होतो.

"माही किटली तुले कोनं उचलाले सांगतली?" माय गरजली.

"तुमचे गुडघे दुखतात म्हणून..."

"गुडघे माहे हायेत, दुखू दे! जित्तेपनी मारलं मले या पावन्यानं!"

रामभाऊंनी मला जवळ बसवून समजावलं. या गल्लीत वय झालेल्या प्रत्येकाकडे नेमाचं एक काम असतं. रामभाऊ रोज मारुतीचं देऊळ झाडतात आणि दिवा लावतात. कोणी वाळवण राखतं, कोणी शेजारच्या लेकरांना शाळेच्या फाटकापर्यंत पोचवतं. घरातल्या तरुणांनी ते काम हातात घ्यायचं नाही, कितीही दया आली तरी. दुखणं आलं तर त्या माणसानं आदल्या दिवशी घरोघर निरोप धाडायचा. निरोप नाही आणि काम दुसऱ्याच्या हातात दिसलं, तर गल्लीला एकच गोष्ट कळते.

"हिचं ताक येऊन गेलं," रामभाऊ म्हणाले, "म्हंजे हिनं अकरा घरचे बुढे पाह्यले, अन अकरा घरायनं हिले पाह्यलं. तुले वाटलं बुढी ताक वाटून राह्यली?"

मला शिक्षा झाली. मायबरोबर पुन्हा सगळ्या अकरा घरी जायचं. किटली तिच्या हातात. मी मागे, मोकळ्या हातांनी. प्रत्येक दारात ती ओरडून सांगायची, "हा थोच! यानंच मारलं मले!" आणि मी हात जोडायचो. पण शिक्षा कसली! एका घरी हरभऱ्याचे भाजलेले घाटे मिळाले, एका घरी तीळ-गूळ, एका घरी उकडलेल्या तुरीच्या शेंगा. सातव्या घरापासून मी फक्त खिशात भरत होतो. जिथं पहिल्या दिवशी मला कोणी नाव विचारलं नव्हतं, तिथं आता लेकरं माझ्या मागून "बुढीमाऱ्या" म्हणत चालली होती. इतका आनंद मला फार दिवसांनी झाला.

फेरी संपल्यावर माय देवळाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "आता सांग. सारं गाव कायले इचारत फिरून राह्यला तू?"

मी तिला सरांबद्दल सगळं सांगितलं. शिकवणी, बाईंचं जाणं, घसरणं, डॉक्टरांचं बोलणं. मग तिनं विचारलं, "त्याचं दूध कोन आनते?"

"मी लावून दिलंय. दारात येतं."

"भाजी?"

"डबाच येतो."

"झाडाले पानी?"

"माणूस ठेवलाय."

ती थोडा वेळ रिकाम्या किटलीवर बोटं वाजवत बसली. "मंग त्या मास्तरजोळ तू ठेवलं काय?"

मी आठवून पाहिलं. सरांजवळ मी ठेवली होती ती एक आरामखुर्ची.

"रागवू नको बाप्पा. तुहा जीव हाये त्याच्यावर, दिसते मले. पन साऱ्यायनं मिळून त्याले बसवला, अन आता त्यालेच म्हनता चाल."

पायरीवर ऊन आलं होतं. उपकार फेडण्याच्या घाईत मी सरांकडून एकेक काम काढून घेतलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला आपण काही चांगलं केल्यासारखं वाटलं होतं.

पोहरादेवी

शेवटचा दिवस पोहरादेवीचा. कारंजाहून मानोरा करत पोचलो. जत्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे गर्दी नाही. दर्शन शांतपणे झालं. जवळच्या तांड्यात सुनीलच्या ओळखीच्या चंद्राबाईंकडे चहाला गेलो. त्या सत्तरीच्या पुढच्या. मुलं-सुना ऊसतोडीला आमच्याच नगरकडे गेलेली. त्या आणि दोन नातवंडं मागे. आम्ही ज्या उसाच्या साखरेचा चहा पितो तो ऊस कोणाची मुलं तोडतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्या मागे राहिलेलं घर मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

चंद्राबाई आरशांचं भरतकाम करता करता बोलत होत्या. त्यांनी काही गोड करून सांगितलं नाही. पाय दुखतात, दवाखाना लांब आहे, मुलांची आठवण आली की घास उतरत नाही. शेजारच्या खोलीत त्यांच्याच वयाची बाई महिनाभर पडून होती. चंद्राबाई दोन वेळा तिला भाकर भरवून येत. मी हे मुद्दाम लिहितो. ज्वारीची भाकर, लवकरचं जेवण, जमिनीवर बसणं हे सगळं चांगलंच आहे, पण तेवढ्यानं प्रत्येक म्हातारपण सुखाचं होतं असं कोणी समजू नये.

मी विचारलं, "एखाद्या दिवशी उठूच नये असं वाटतं का?"

"रोज वाटते," त्या म्हणाल्या आणि दाराकडे हात केला. बाहेर तीन शेळ्या ओरडत होत्या. "पन ह्या झोपू देते काय?" आणि सुई बाजूला ठेवून त्या उठल्यादेखील.

मी फॉर्म काढलाच नाही. नाशिकला पोचलो तेव्हा बॅगेत बावीस फॉर्म कोरे होते. डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं, आणि त्यांचा होकार आल्यावर सरांना पत्र लिहिलं. ते इथं जसंच्या तसं देतो.

*तीर्थस्वरूप सर,*

*साष्टांग नमस्कार.*

*तुमच्याशी असं कधी बोललो नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. गेले आठ महिने मी तुमची सेवा करतो आहे असं समजत होतो. प्रत्यक्षात मी तुमचं दूध, तुमची मंडई, तुमचा पेपर आणि बाईंची झाडं तुमच्याकडून काढून घेतली. वाशिम जिल्ह्यातल्या एका आजींनी हे मला एका प्रश्नात दाखवून दिलं. त्यांचं नाव शेवंतामाय. त्यांना मी चुकून जिवंतपणी मारलं होतं; ती हकीकत भेटीत सांगेन.*

*एक तारखेपासून दूध दारात येणार नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात तुमच्या नावाची पिशवी ठेवलेली असेल, सकाळी आठच्या आत न्यावी लागेल. झाडांचा माणूसही मी बंद केला आहे. मोगरा सुकला तर तो तुमच्यामुळे सुकेल. हे सगळं डॉक्टरांना विचारून केलं आहे. त्यांनी काठी वापरायला सांगितली आहे. पहिले आठ दिवस मी रजा घेऊन येतो. तुमच्या मागून चालेन, पण पिशवी धरणार नाही. मला शिव्या द्यायच्या असतील तर वाटेत द्या.*

*आणखी एक. निघताना शेवंतामायनं मला विचारलं, "तुह्या सरले चिठ्ठी लिवता येते ना? मंग मले एक लिव म्हना. माह्या नावानं आजवर चिठ्ठी आली नाई." तिला वाचता येत नाही. तिची नातसून वाचून दाखवेल, आणि मग ती ते पत्र अकरा घरी वाचून घेईल. मी तिला तुमच्या वतीनं शब्द देऊन बसलो आहे.*

*सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे. पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, पाकिटावर लिहिलेला नाही. अक्षर तुमचं असायला हवं. फोनवर सांगून माझ्याकडून लिहवून घेऊ नका, मी लिहिणार नाही. शेजाऱ्यांनाही टाकायला देऊ नका, मी त्यांना बजावून ठेवलं आहे. टपालपेटी पिठाच्या गिरणीच्या पुढे, लिंबाखाली आहे. दुपारी तीनला उघडतात, असं पोस्टातून कळलं.*

*धनजला पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. ती दोन्ही दिवस दारात बसणार आहे.*

*तुमचा विद्यार्थी,*
*अशोक*